किती राहायचंय ते खरं सांग

कॅनडात हॅमिल्टनमधल्या मराठी घरात आई-वडलांना बोलवायचं ठरलं की नवरा-बायको आधी आपसात भांडून घेतात आणि मग पद्मजा दाणींकडे येतात. भांडण असतं ते कुणाचे आई-वडील आधी बोलवायचे यावर. त्यात पद्मजाबाई पडत नाहीत. त्या फक्त कोणता व्हिसा काढायचा तेवढं सांगतात, आणि सांगताना त्या जे काय बोलतील ते ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागते.

हा त्यांचा धंदा नव्हे. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी उभं आयुष्य लोकांचं रक्त आणि लघवी तपासण्यात घालवलं. मधल्या काळात सासू-सासऱ्यांचे व्हिसा काढले, मग मैत्रिणीच्या आईचा काढला, मग त्या आईच्या विहिणीचा. रिटायर झाल्यावर तर घराची धर्मशाळा झाली. पैसे त्या घेत नाहीत. कुणी भाकरवडी आणली तर ठेवून घेतात आणि मग तीही मऊ पडलीय म्हणून ऐकवतात. "लघवी बरी," असं त्यांचं मत आहे. "ती बिचारी खोटं बोलत नाही. या लोकांचे अर्ज वाचवत नाहीत."

समोरच्या खुर्चीत माणूस टेकला की पद्मजाबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतात आणि वरून बघत विचारतात, "किती राहायचंय त्यांना? खरं सांग." आणि समोरचा, मग तो हृदयाचा डॉक्टर असो की सॉफ्टवेअरवाला, ठरल्यासारखा तेच उत्तर देतो. "बघू. दोन-तीन महिने."

निहार आणि अनुया हे पुण्याचं जोडपं, दोघंही कॉम्प्युटरवाली, तीही हेच बोलली. पद्मजाबाईंनी अनुयाच्या पोटाकडे पाहिलं.

"बाळ कधीचं?"

"मार्च," अनुया म्हणाली.

"म्हणजे मार्चमध्ये बाळ. पहिला विंटर बाळ शिंकणार, दुसरा तुम्ही. डे-केअरमध्ये नंबर लागेस्तोवर ते चालायला लागलेलं असणार. आणि निहार, तुझी आई दोन महिन्यांत नातवाला टाकून विमानात बसणार? मला चुना लाव, मी काही बोलत नाही. सरकारला लावू नकोस."

मग त्यांनी दोन्ही दारं समजावून दिली. साध्या व्हिजिटर व्हिसावर आलं तर एका खेपेला सहसा सहा महिने राहू देतात, पुढे राहायचं तर मुदत वाढवून मागावी लागते. सुपर व्हिसा हा फक्त आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्यासाठी. त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण मुलाची कमाई दाखवावी लागते, म्हाताऱ्यांची मेडिकल होते आणि आरोग्याचा विमा आधीच उतरवावा लागतो. विम्याचं नाव ऐकून निहारचा चेहरा पडला. पाच वर्षं ऐकून अनुयाचा.

"अगं, पाच वर्षांची परवानगी आहे, शिक्षा नाहीये," पद्मजाबाई म्हणाल्या. अनुयाच्या तोंडावर जरा रंग आला.

दुसरं एक बजावायला त्या कधी चुकत नाहीत. रडायचं नाही. आपल्या लोकांना शाळेत विनंती अर्ज लिहायला शिकवतात तिथंच वाट लागते. 'वरील विषयास अनुसरून', 'तरी कृपा करून', 'आपली आज्ञाधारक'. पोटदुखीच्या रजेपासून नळाच्या कनेक्शनपर्यंत जन्मभर आपण कुणापुढे तरी नाक घासत असतो, त्यामुळे परदेशी साहेबापुढेही हात आपोआप जोडले जातात. व्हिटबी गावच्या एका इंजिनियरने निमंत्रणाच्या पत्रात लिहिलं होतं, माझी आई तिकडे एकटी आहे, तिला बघणारं कुणी नाही, ती रोज माझ्या आठवणीने रडते. व्हिसा नाकारला. तो माणूस पद्मजाबाईंकडे येऊन म्हणाला, काय हो, दगडाचं काळीज आहे या लोकांचं.

"दगड तू आहेस," पद्मजाबाई म्हणाल्या. "जी बाई रोज रडते ती परत जाईल का? त्याने तुझं पत्र बरोबर वाचलं. अरे, स्थळ बघायला जाताना आपण काय म्हणतो? आम्हाला काही घाई नाही, आमच्या मुलीला काही कमी नाही, सहज आलोय. तसंच लिहायचं. घर आहे, पेन्शन आहे, म्हैस असेल तर म्हैस आहे. हे लोक फक्त त्यालाच आत घेतात, ज्याचं बाहेर मस्त चाललंय."

हे त्या इतक्या जणांना इतक्या वेळा बोलल्या होत्या की मंडळाच्या गणपतीत पोरं त्यांची नक्कल करायची. नाकावर चष्मा, आणि 'खरं सांग'.

आता पद्मजाबाईंचं स्वतःचं.

रविकांत दाणी, म्हणजे त्यांचा नवरा, गेल्याला दोन हिवाळे झाले होते. स्टीलच्या कारखान्यात इंजिनियर होता, अबोल, आणि बायको बोलत असताना ऐकू न आल्यासारखं दाखवायची कला त्याने पूर्ण आत्मसात केली होती. एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून आत आला, बूट काढले, खुर्चीत बसला आणि गेला. "एवढा चिक्कू माणूस, एकेरी तिकीट काढून निघून गेला," असं पद्मजाबाई फोटोकडे बघून म्हणायच्या, आणि आलेल्या माणसांना हसावं की नाही ते कळायचं नाही. माणसं गेल्यावर मात्र त्या फोटोशी काही बोलत नसत. बोलून उपयोग काय? तो आधीच ऐकत नव्हता.

मुलगा गंधार एडमंटनला. चांगला मुलगा आहे, दर रविवारी फोन करतो, आणि दर रविवारी एकच वाक्य म्हणतो, "मॉम, जस्ट मूव्ह हिअर." पद्मजाबाई एकदा जाऊन राहून आल्या. तिथली थंडी ही हॅमिल्टनच्या थंडीची सासू. शिवाय गंधारचं घर एवढं नीटनेटकं, की त्यात आपण कुणीतरी विसरून गेलेली छत्री असल्यासारखं त्यांना वाटत राहिलं. परत आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत.

घरात चार बेडरूम, खाली बेसमेंट, आणि एक बाई. सकाळी चहा करायचा, तो एकटीने प्यायचा आणि मग व्हिसाचं कुणी येतंय का याची वाट बघायची. कुणाला कळू नये म्हणून त्या दारातच म्हणायच्या, "आलास का डोकं खायला?" पण घंटी वाजली की त्यांचा जीव हरखायचा, हे खरं आहे. आणि माणूस गेला की घर पुन्हा अंगावर यायचं.

नागपूरला त्यांची धाकटी बहीण वनिता होती. गणिताची रिटायर्ड बाई. लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. अख्ख्या जगात पद्मजाबाईंना 'ताई' म्हणणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि जिच्यासमोर मनसोक्त शिव्या देता येतील असंही तेवढंच एक. वनिता इथे यावी आणि इथेच राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी काही नको होतं.

पण सुपर व्हिसा बहिणीला मिळत नाही. आई चालते, आजी चालते, बहीण चालत नाही. एका ताटात जेवलेली, एका पांघरुणात भांडलेली बहीण सरकारच्या लेखी कुणीच नाही. म्हणजे राहिला साधा व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा. पद्मजाबाईंनी मनात बेत केला. मेमध्ये आणायची, मग मुदत वाढवायची, मग पुन्हा वाढवायची. लोकांना सांगितलं, बहीण नायगरा बघायला येतेय.

आणि निमंत्रणाचं पत्र लिहायला बसल्या. दुसऱ्यांच्या पत्रांतलं रडगाणं लाल पेनाने खोडणारी ही बाई. पहिल्या दोन ओळी ठीक आल्या. तिसऱ्या ओळीपासून हात सुटला तो सुटलाच. माझी बहीण एकटी आहे. तिला नवरा नाही, मूल नाही, तिकडे तिला बघणारं कुणी नाही. मीही आता या मोठ्या घरात एकटी आहे. तरी कृपा करून आमच्या वयाचा विचार व्हावा. हे सगळं इंग्रजीत, पण 'आपली आज्ञाधारक' त्या इंग्रजीतूनही स्वच्छ दिसत होतं. लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. पुन्हा वाचलं नाही, कुणाला दाखवलं नाही, अर्जाबरोबर जोडून पाठवून दिलं.

व्हिसा नाकारला. मुदत संपल्यावर आपण कॅनडा सोडून जाल अशी आमची खात्री पटत नाही, अशा अर्थाचं थंड उत्तर आलं.

पद्मजाबाई आठवडाभर कुणाशी नीट बोलल्या नाहीत. मग अनुया पेढे घेऊन आली. तिच्या सासू-सासऱ्यांचा सुपर व्हिसा झाला होता. पेढा तोंडात टाकताना पद्मजाबाईंचं तोंड बघून तिने विचारलं आणि त्यांनी चिडून आपल्या निमंत्रणाच्या पत्राची प्रत तिच्यापुढे टाकली. अनुयाने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिला हसू आवरेना.

"मावशी, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, शेजारणीने लिहिलं."

"तुम्ही त्या व्हिटबीवाल्याला दगड म्हणाला होतात."

"म्हणाले होते," पद्मजाबाई म्हणाल्या. "चुकीचं काही म्हणाले नव्हते."

अनुयाचं हसू ओसरलं. तिने पत्राची घडी घातली आणि हळूच विचारलं, "मावशी, त्या येणारेत तरी कशासाठी?"

"नायगरा बघायला."

"नायगरा दुपारी जेवणाआधी बघून होतो."

"तुझी मुलगी रडतेय घरी. जा तू," पद्मजाबाई म्हणाल्या. मुलगी घरी निहारजवळ गाढ झोपलेली होती, पण अनुया गेली.

दुसऱ्या दिवशी पद्मजाबाई कंबर कसून बसल्या. मागे एकदा नकार मिळालाय हे नव्या अर्जात लपवायचं नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. आता पत्र मात्र कायद्यात बसेल असं हवं. त्यांनी वनिताला व्हिडिओ लावला.

"वने, तुझं तिथं काय काय आहे ते सांग. तू परत का जाशील, ते लिहायचंय."

"काय असणार आहे," वनिता म्हणाली. "थांब, गॅस बंद करून येते." आली, आणि बोलायला लागली ती थांबेचना. ती सोसायटीची सेक्रेटरी होती. बिल्डरने लिफ्टच्या जागी स्वतःची खोली बांधली होती, त्याच्यावर तिने केस टाकली होती आणि प्रत्येक तारखेला ती स्वतः कोर्टात जायची, कारण वकील झोपा काढतो. रविवारी तिच्याकडे मोहल्ल्यातल्या मुली गणित शिकायला यायच्या, फुकट, आणि त्यांतली एक यंदा इंजिनियरिंगला लागली होती. भजनी मंडळात पेटी वाजवणारी ती एकटी. ती नसली तर मंडळ टाळ्यांवर भजन म्हणतं आणि ऐकवत नाही. शिवाय तिच्याबरोबरच्या तीन रिटायर्ड बाया होत्या. दर गुरुवारी चौघी मिळून तर्री-पोहे खायला जायच्या आणि ज्या ओळखीच्या बाया आल्या नसतील त्यांची यथेच्छ निंदा करायच्या.

"अजून सांगू?" वनिताने विचारलं.

"पुरे. एवढ्यात तर तुला नागपूरचा महापौर करतील."

पद्मजाबाई लिहीत गेल्या. पेन्शन, फ्लॅट, केस, मुली, पेटी. अर्ज जसजसा भक्कम होत गेला तसतसं त्यांचं तोंड उतरत गेलं. त्यांना चक्क हेवा वाटला. आपल्याला कुणी विचारलं, की बाई, हॅमिल्टनमध्ये तुझं काय काय आहे, तर काय लिहू, असा प्रश्न डोक्यात आला आणि त्यांनी तो हुसकून लावला. शेवटी त्यांनी लिहिलं, माझी बहीण सहा महिन्यांच्या आत नक्की परत जाईल. लिहिताना मनात म्हणाल्या, कशी जाते बघू.

व्हिसा मिळाला.

वनिता मेमध्ये टोरोंटोला उतरली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने किती राहणार म्हणून विचारलं, तर म्हणाली, ऑक्टोबर संपायच्या आत जाणार, नोव्हेंबरात सोसायटीची सभा आहे आणि मी नसले तर हे लोक बिल्डरशी तडजोड करतील. अधिकाऱ्याने पुढे काही विचारलं नाही. त्याचीही बहुधा सोसायटी असावी.

नायगरा पहिल्याच आठवड्यात आटोपला. वनिताने रेनकोट घालून, भिजून, धबधबा नीट बघितला आणि म्हणाली, "झालं? मग आता काय?" हॅमिल्टनकर ज्याला मोठ्या अभिमानाने माऊंटन म्हणतात, आणि ज्याच्यावर पद्मजाबाईंचं घर आहे, तो पाहून तिने विचारलं, "याला हे लोक डोंगर म्हणून राहिले? आमची सेमिनरी हिल्स यांनी पाहिली नाही वाटते." पद्मजाबाईंना राग आला. इतकी वर्षं आपण या टेकाडाला डोंगर म्हणत आलो, आणि कुणी काही बोललं नाही.

पण ते दिवस सुखाचे होते. फार सुखाचे. सकाळी कुणीतरी आधी उठून चहा ठेवलेला असायचा आणि तो फार गोड असायचा, म्हणून भांडता यायचं. वॉशरूमचा दिवा कुणीतरी जळता ठेवायचं. ग्रोसरीला गेल्यावर कुणीतरी वांगी हातात घेऊन म्हणायचं, ही वांगी आहेत की दुधी? पद्मजाबाईंच्या घरात पुन्हा जेवायच्या वेळा ठरल्या. त्यांच्या बोलण्यात मधूनच नागपूर परत यायचं, पन्नास वर्षांचा गंज झडल्यासारखं. गंधारचा रविवारी फोन आला की त्या "आत्ता नाही, आम्ही पत्ते खेळतोय" म्हणून ठेवून द्यायच्या. त्या बिचाऱ्याला आईचं कौतुकही वाटलं आणि थोडं लागलंही.

सकाळचा नाश्ता मात्र नागपूरच्या ताब्यात असायचा. इकडे सकाळ म्हणजे तिकडे संध्याकाळ, तेव्हा वनिता एका हाताने पोहे खात दुसऱ्या हाताने सोसायटी चालवायची. पाण्याची टाकी धुतली का, वकील हजर होता का, पेटीची भाती कुणी फाडली. मुलींचा वर्ग व्हिडिओवर. हॅमिल्टनच्या स्वयंपाकघरात 'क्ष बरोबर किती' असा आवाज घुमायचा, आणि पद्मजाबाई समोर बसून उत्तर मनातल्या मनात काढायच्या. चुकायचं.

व्हिसाची माणसंही येतच होती. वनिता सोफ्यावर बसून सगळं ऐकायची. 'किती राहायचंय? खरं सांग', आणि समोरच्याचं 'बघू, दोन-तीन महिने'. माणूस गेल्यावर वनिता म्हणायची, "ताई, तुह्या शाळेतले सगळेच पोरं नापास होऊन राहिले."

सप्टेंबर लागला. मुदत वाढवायचा अर्ज आधीची मुदत संपायच्या आत करावा लागतो, आणि पद्मजाबाई कुठलीही गोष्ट आधी कागदावर कच्ची लिहितात. एका दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी तो कच्चा अर्ज वनितापुढे ठेवला, जसा काही बडीशेपेचा डबा.

"काय आहे हे?"

"काही नाही. वाच, आणि मग ऑनलाइन तुझ्या नावाने टाकून देऊ."

वनिताने तो पेपर तपासायला घेतल्यासारखा वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बोट फिरवत. आणखी सहा महिने राहायचं कारण म्हणून पद्मजाबाईंनी लिहिलं होतं, कॅनडातला हिवाळा आणि निसर्ग पाहण्याची इच्छा.

"मले बर्फ पाहायचा आहे?" वनिताने विचारलं.

"आहे की. सगळ्यांना असतो."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्यानंतर आणखी सहा महिने. तेव्हाचं कारण तेव्हा बघू. मेपल सिरप म्हणू."

"आणि सभा?"

"खड्ड्यात गेली सभा," पद्मजाबाई म्हणाल्या.

वनिताने कागद टेबलावर ठेवला आणि त्याची कडा टेबलाच्या कडेला समांतर केली. "ताई, तू त्या साहेबाले लिहून दिलं होतं नं, का माह्यं तिथं सगळं आहे, मी परत जाणार म्हणून."

"तसं लिहावंच लागतं."

"मी तेच विचारून राहिली. ते खोटं होतं का?"

पद्मजाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. शेजाऱ्याचा मेपल लाल व्हायला लागला होता. रविकांत असता तर एव्हाना विंटर टायर्स कधी लावायचे यावर बोलला असता, आणि त्याच्या आयुष्यातलं ते एकमेव भाषण असायचं. "नाही," त्या म्हणाल्या. "खोटं नव्हतं. म्हणूनच तर दिला."

"मग?"

"मग काय मग," पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला. त्याचा त्यांना भयंकर राग आला. "मला एकटीला राहवत नाही, वने. झालं? मी सगळ्यांना इथे आणून बसवलं. त्यांच्या आया, सासवा, आज्या. सगळ्यांची घरं भरली. माझ्या घरात हीटर चालू झाला तरी मी दचकते. तू जाऊ नकोस. हे काय अर्जात लिहायचं?"

 वनिताने उठून चहाचं आधण ठेवलं, साखर मोजून कमी घातली, आणि दोन कप घेऊन परत आली. मग म्हणाली, "तूच चाल नं."

"कुठे?"

"कुठं म्हणजे? नागपूरले, माह्या प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये. दोन खोल्या आहेत. लिफ्ट नाही, पण केस आपणच जिंकणार आहो."

पद्मजाबाई हसल्याच. "मी कॅनडाची नागरिक, मला तिथे यायला व्हिसा लागतो. माहितीये ना? जिथे जन्मले तिथे मी परदेशी पाहुणी." भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना जन्मभर ये-जा करायला, हवं तितकं राहायला चालणारं ओसीआय कार्ड मिळतं. रविकांतने स्वतःचं काढलं होतं. पद्मजाबाईंनी हट्टाने काढलं नव्हतं. माझ्याच अंगणात जायला कार्ड कसलं दाखवायचं, असा त्यांचा बाणा. त्यामुळे कुणाचं लग्न, कुणाचं दहावं, काहीही निघालं की त्या टुरिस्ट व्हिसावर जायच्या, दोन-तीन आठवडे राहायच्या आणि पळत परत यायच्या. लॅब होती, गंधारची शाळा होती, नंतर सवय होती.

वनिताने टेबलापलीकडची खुर्ची ओढली. रोज ती बसायची ती नव्हे. ही पद्मजाबाईंची, व्हिसासाठी आलेल्या माणसांसमोर त्या बसत ती. टेबलावरचा ताईचा चष्मा उचलून तिने नाकाच्या शेंड्यावर ठेवला. मुदतवाढीचा कच्चा अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन शब्द लिहिले. टुरिस्ट. कार्ड.

"दारं दोन आहेत," ती म्हणाली. "कोणतं काढायचं ते मग पाहू. आधी मले सांग, किती राहायचंय? खरं सांग."

"चष्मा काढ तो. आंधळी होशील."

"किती राहायचंय?"

"बघू," पद्मजाबाई म्हणाल्या. "दोन-तीन महिने."

म्हणाल्या आणि थबकल्या. वनिता चष्म्यावरून नुसती बघत होती.

"नाही, म्हणजे परत यायला लागेल ना," पद्मजाबाई घाईने बोलायला लागल्या. "हीटरच्या फर्नेसची सर्व्हिसिंग असते. ड्राइव्हवे आहे, बर्फ काढायला माणूस सांगावा लागतो, नाहीतर नगरपालिकेची नोटीस येते. डेंटिस्टची अपॉइंटमेंट मी दोनदा पुढे ढकललीय. बेसमेंटमध्ये ओल शोषायचा डीह्युमिडिफायर आहे, त्याचं पाणी कोण ओतणार? आणि लोक येतात व्हिसासाठी."

"ते फोनवर येतील. गंधार?"

"गंधार रविवारी फोन करतो."

"नागपूरले रविवार असतो," वनिता म्हणाली. "अजून सांग. मी लिहून राहिली."

पद्मजाबाईंनी तोंड उघडलं. फर्नेस झाली होती, दात झाले होते, पाणी झालं होतं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, वरच्या चार खोल्यांच्या दिशेने. फोटोकडे पाहिलं. रविकांत नेहमीप्रमाणे ऐकू न आल्यासारखा बघत होता. परत का यायचं याचं एक तरी कारण, असं, की साहेबाने वाचलं तर त्याची खात्री पटेल, ते त्या शोधत राहिल्या. चहा निवला.

"नाही गं सुचत," त्या शेवटी म्हणाल्या. "काहीच नाही सुचत."

वनिताने मान हलवली, चष्मा काढून ताईच्या हातात दिला, आणि कागदावरच्या 'टुरिस्ट' या शब्दावर नीट, पट्टीने मारावी तशी काट मारली.

"मग तो तर तुले देणार नाहीत," ती म्हणाली.